तिरडीमागची सायकल

माझा थोरला भाऊ, दादा, कळंबहून कर्जतच्या बाजाराला सायकलवर जायचा आणि भरलेली पिशवी हँडलला अडकवून परत यायचा. पण तोच दादा घरून देवळापर्यंत पायी निघाला की वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर वाकून बसायचा. सायकल चालते आणि पाय चालत नाहीत, हे गावाला पटेना. गावाने निदान केले: ढोंगी.

कुणी टोमणा मारायचा, "काय रं, पंक्चर काय?"

"हवा भरतोय. तुजी उतरली की तुलाबी देतो."

वडील गेले तेव्हा मात्र टोमण्यावर भागले नाही. आमच्याकडे थोरला मुलगा मडके धरून तिरडीपुढे चालतो. दादाने मडके माझ्या हाती दिले आणि स्वतः तिरडीमागून सायकलवर निघाला. सगळ्या सोयऱ्यांसमोर मी ओरडलो, "लाज नाय वाटत? बापासाठी चार पावलं चालवत नाय तुला?"

"नाय चालवत. म्हनून घरी बसू काय? माजा पन बाप हाय तो."

सख्खा भाऊच बोलला म्हटल्यावर गावाला पुरावा मिळाला.

पुढे दादाचे पाय बधिर होऊ लागले, तेव्हा त्याला पनवेलला डॉक्टरकडे नेले. कमरेच्या मणक्यात नसांची वाट अरुंद झाली होती. ताठ चालले की नसा दबतात, पुढे वाकले की वाट जरा मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो. दादा म्हणाला, "ऐकलंस ना? चल आता, भूक लागलीय."

डॉक्टरांनी सांगितलेले पाठीपोटाचे व्यायाम तो ओट्यावरच करायचा, उताणा पडून, गुडघे पोटाशी घेऊन. बायका पदराआड हसत. "पाठीचं मांस जागं ठेवलं की हाड जास्त बोलत नाय," म्हणायचा. दुखणे गेले नाही, पण ओट्यांवरचे मुक्काम कमी झाले.

मी म्हणालो, "गावाला खरं सांगतो."

"गप रं. कीव करतील. त्यापरीस ढोंगी बरा."

मी गप्प राहिलो. मला ते सोयीचेही होते.

यंदा दादा गेला. दहाव्याला नदीवर एक सोयरा हसत म्हणाला, "बापाला सायकलवरून पोचवनारा मानूस!"

मी उठून उभा राहिलो. "हो, पोचवला. पाय साथ देत नव्हते, तरी पोचवला. तुमच्यातला कोन आला असता?"

कावळा अजून पिंडाला शिवला नव्हता, त्यामुळे कुणाला उठून जाता येईना. मग मी त्यांना मणक्यापासून सगळे सांगितले. गप्प राहा, हे दादाचे म्हणणे मी तिथे मोडले. आज लिहून पुन्हा मोडतो आहे.