नोटीस बोर्डावरचा रिपोर्ट

कदम मॅडम पत्त्यांची फाईल मोठ्याने वाचायच्या. वेबसाईटच्या कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं, याची यादी असते, ती. ओळीखाली बोट धरून, पोथी वाचावी तशी. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मला हसू आवरेना. "हसतेस काय? सर्व्हर असाच वाचतो, वरून खाली. पहिली ओळ जुळली की तिथेच थांबतो बिचारा, पुढे बघतच नाही. म्हणून वर काय लिहितेस ते विचार करून लिही."

टायपिस्ट म्हणून सुरुवात केलेल्या या नौपाड्यातल्या बाईंनी पन्नाशीच्या आत-बाहेर हे सगळं स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं. मी कोपरची, तोंडाचा पट्टा कायम चालू आणि प्रत्येक कामात घाई. "रूपाली, तुझी बोटं डोक्याच्या आधी ऑफिसात पोचतात," असं त्या म्हणायच्या.

स्टॅटिक फोल्डरवरून तर रोज बजावायच्या. "ते म्हणजे सोसायटीचा नोटीस बोर्ड. लोगो लाव, चित्रं लाव, पानाच्या रंगांच्या फाईली लाव. तिथे कुणी कुणाला 'तू कोण' म्हणून विचारत नाही. घरातलं काही तिथे लावायचं नाही."

आणि मी काय केलं? घरातलंच लावलं!

एका पॅथॉलॉजी लॅबची साईट नव्या सर्व्हरवर गेली आणि पेशंटचे रिपोर्ट उघडेनात. लॅबवाले फोनवर नुसते ओरडत होते. मॅडम नेमक्या रजेवर. मी रिपोर्टचं अख्खं फोल्डर उचललं आणि स्टॅटिकमध्ये टाकलं. फटाफट उघडायला लागले. साहेबांनी शाबासकी दिली, मी दिवसभर मिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी हाक मारली. "अगं, इकडे ये. लॉगिन न करता हे उघडतं का, बघू." त्यांनी पर्समधून त्याच लॅबची पावती काढली आणि तिच्यावरचा नंबर पत्त्यात टाईप केला. "गेल्या आठवड्यात माझीच तपासणी झाली तिथे. रिपोर्ट आज संध्याकाळी मिळायचाय. दुसऱ्या कुणाचा नंबर टाकून बघणं बरं नव्हे."

रिपोर्ट उघडला. वर नाव, वासंती कदम. माझी नजर सवयीने सरळ शेवटच्या ओळीवर गेली. कॅन्सर.

"मॅडम, हे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं. आत्ताच वाचतेय."

समोर डॉक्टर नाही, घरचं माणूस नाही, आणि या बाईला असलं काही कळतंय ते माझ्या गाढवपणामुळे, ऑफिसातल्या स्क्रीनवर! मला रडू फुटलं. मॅडमनी पावतीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. पर्सची चेन लावायची तशीच राहिली. आवाज मात्र नेहमीचाच. "रडू नकोस. आधी ते फोल्डर तिथून काढ. असे किती जण असतील त्यात."

काढलं. नवा पत्ता लिहिला, लॉगिन विचारून ज्याचा रिपोर्ट त्यालाच दाखवणारा. मॅडमनी बोट धरून ती ओळ मोठ्याने वाचली. जुना पत्ता पुन्हा टाकला, तर पान सापडत नाही असं आलं. मग लॅबला फोन लावून माझ्या हातात दिला. "चूक तुझी आहे, तूच सांग." मी सांगितली, बोलणी खाल्ली. त्या रिक्षा करून घरी गेल्या. मला सोबत येऊ दिलं नाही.

वर्षभरात मॅडम गेल्या.

त्यांची मुलगी ऑफिसातलं सामान न्यायला आली. पिशवी भरता भरता थांबली आणि म्हणाली, "आईला कळलं तेव्हा ती एकटीच होती का हो? तिने कधी सांगितलंच नाही. मला तेच खातंय."

'ठाऊक नाही' म्हटलं असतं तर सुटले असते. पण मी फोल्डरपासून सगळं सांगितलं. वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत देणार. द्यायलाच हवी होती.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही तिच्या शेजारीच होतात?"

"हो."

"म्हणजे कुणीतरी होतं तिच्याजवळ," ती म्हणाली, आणि तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.