अमरसिंहला पाय मिळेनात

नांदूरघाटात अशी बातमी होती की मोहनरावांचा नातू अमरसिंह पोरींच्या मागं मागं ब्युटी पार्लरच्या वर्गात शिरला. स्टँडवरच्या हॉटेलात ही बातमी चहाबरोबर मिळायची आणि चहापेक्षा जास्त गरम असायची.

"आरं, घरात लिपस्टिक लावून बसतंय म्हणं."

"कुनी पाह्यलं?"

"पाहायला कावून पायजे? सगळं गाव म्हनतंय की."

तर आधी हे निस्तरू. अमरसिंह पोरींच्या मागं गेलाच नव्हता. तो गेलता हेअर ड्रायरची पिन बदलायला.

आमच्या शाळेच्या व्यवसाय शिक्षण केंद्रात नववीपासून दोन विषय आहेत, इलेक्ट्रिकल आणि ब्युटी. मधे एक भिंत आणि भिंतीला एक खिडकी. इकडं आम्ही पोरं बोर्डाला होल्डर जोडतो, तिकडं पोरी एकमेकींच्या भुवया कोरतात. अमरसिंह आधी इकडंच होता. पलीकडचा ड्रायर बंद पडला म्हणून सरांनी त्याला धाडलं. तिथं फरीदा मॅडम पाटावर बसल्या होत्या आणि शाळेत झाडलोट करणाऱ्या तुळजाबाईची टाच त्यांच्या मांडीवर होती. तुळजाबाईची निम्मी हयात ऊसतोडीत गेलेली. भेगा अशा, की त्यात ज्वारी पेरावी. ती चालायची ती चवड्यावर, तापल्या तव्यावरून चालल्यासारखी. मॅडमनी टाच पुसली, मलम लावलं आणि म्हणाल्या, "उठ माँ, रख पाँव." तुळजाबाईनं भीत भीत पूर्ण टाच खाली टेकवली आणि तिचं तोंडच बदललं.

"आगं माय! ही फरशी एवढी गार हाय व्हय गं? झाडून झाडून मेले, पन कळलंच न्हाई!"

अमरसिंहच्या हातातली पिन हातातच राहिली. ड्रायर त्या दिवशी दुरुस्त झाला नाही. दुसऱ्या दिवशी हे पोरगं मुख्याध्यापकांच्या दारात उभं.

"सर, विषय बदलून द्या."

"बदलून म्हणजे, काय आहे की, मोटार रिवाइंडिंग वगैरे आपल्याकडे नाही."

"न्हाई सर. पलीकडचा पायजे."

"पलीकडचा म्हणजे, काय आहे की, कुठला पलीकडचा?"

"भिंतीपलीकडचा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पोरगं तेच दिसलं. मग त्यांनी ते फरीदा मॅडमच्या गळ्यात घातलं.

फरीदा मॅडम केजच्या. तिथं त्यांचं पार्लर आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस त्या आम्हाला शिकवायला येतात. त्यांची मराठी आणि त्यांची दखनी एकाच डब्यातल्या दोन भाज्यांसारखी एकमेकीत सांडलेली असते. त्यांनी अमरसिंहचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"इन हातांनी अबतक काय केलंस रे?"

"पोळ्याला बैल सजवतो, मॅडम. शिंगं घासतो, रंगवतो. खुरांना तेल लावतो."

पोरी अशा हसल्या की संस्कृतीच्या हातातली मेंदी स्वप्नालीच्या कोपरापर्यंत गेली. मॅडम हसल्या नाहीत.

"बैल लात मारता क्या?"

"मला न्हाई मारत."

"बस फिर. कुर्सी ले."

अशी झाली भरती. तेव्हापासून अमरसिंह शिकला ते खाली मान घालून शिकला, कारण त्याचं सगळं लक्ष पायातच. रस्त्यानं चालला तरी माणूस ओळखायचा पायावरून. "तो बघ, डाव्या पायाच्या वर घट्टा हाय. गियरची गाडी चालवतो." पोरी मेंदी, केस, भुवया सगळं शिकल्या. अमरसिंहही शिकला, पण पेडिक्युअर आलं की तो वेगळाच व्हायचा. पाय पाण्यात, हातात टाच घासायची वजरी, आणि तोंडानं हळूहळू काहीतरी पुटपुटणं. जवळ जाऊन ऐकलं तर "हो... हो... झालं... झालं", म्हणजे बैलाशी बोलायचं तसंच सगळं. आणि समोरची बाई खरंच शांत व्हायची. फरीदा मॅडमची एकच शिस्त: "पहले पूछने का. साखर हाय का, जखम हाय का. मगच हात लावायचा. साखरवाल्याला पातं बिलकुल न्हाई. वो पाय है बाबा, पत्रा न्हाई."

पण ही समोरची बाई म्हणजे दर वेळी तुळजाबाईच. दुसरं कुणी पाय देईचना. पोरींच्या आया यायच्या, चेहरा पुढं करायच्या, केस पुढं करायच्या, पण अमरसिंह खाली बसला की पाय गपकन लुगड्यात. "नगं रं बाबा! मोहनरावाचा नातू तू. तुझ्या हातात पाय देऊ? पाप लागंल मला." इथं कुणी त्याला नावं ठेवत नव्हतं. उलट मानच देत होते. त्या मानानंच पोराची पंचाईत केली होती.

आता मोहनराव. दोनदा सरपंच, नंतर सोसायटीचे चेअरमन, आणि त्यानंतर काहीही नसले तरी चेअरमनच. ते घरात बोलतात तेही माईकवर बोलल्यासारखं. जेवताना म्हणतात, "या ठिकाणी चटणी कमी पडलेली हाय." नातवाची खबर लागली तेव्हा त्यांनी ओसरीवरच सभा घेतली.

"या ठिकाणी मी एक गोष्ट स्पष्ट करू इच्छितो. ह्या घराचे पाय लोकांनी धरल्यात. ह्या घरानं लोकांचे धरले न्हाईत."

"इलेक्शनला धरता की आबा," अमरसिंह म्हणाला.

मग आबांनी अट घातली. वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकल होईल. पास झालास तर पुढचं शीक. नापास झालास तर शाळा सुटली की आष्टीला मामाच्या खताच्या दुकानात बसायचं, आणि ह्या विषयाचं नाव ह्या घरात काढायचं नाही. अमरसिंह "बरं" म्हणाला. त्याला वाटलं, तुळजाबाई हाय की आपल्याला.

प्रॅक्टिकलला आपापलं मॉडेल आपण आणायचं असतं. केंद्रातला विद्यार्थी चालत नाही, बाहेरचंच माणूस लागतं. संस्कृतीची आई आली, स्वप्नालीची मावशी आली, इरमनं तर आत्या आणि आजी अशी जोडी आणली, एक वापरायला आणि एक राखीव. आणि सकाळी शाळेच्या गेटवर निरोप आला की तुळजाबाईच्या लेकीचं पोट दुखायला लागलंय, ती पहाटेच्या गाडीनं माजलगावला गेली. पहिलं बाळंतपण. तिला कोण काय म्हणणार?

अमरसिंह इरमच्या राखीव आजीकडं गेला. आजीनं तेवढ्यात मांडी घालून दोन्ही पाय बुडाखाली घेतले. "तुझे आबा हमारे घर के पुराने मिलनेवाले, बेटा. मुझसे नहीं होता."

तो व्हरांड्यात आमच्यापाशी येऊन उभा राहिला. परीक्षक मॅडमनी त्याचा नंबर शेवटी घेतला होता, तेवढीच सवलत.

"ज्याचे पाय म्या धरले तर कुनालाच पाप लागनार न्हाई, असा गावात एकच मानूस हाय," तो म्हणाला.

"कोण?" मी विचारलं.

"आबा."

मला एवढं हसू आलं की हातातला टेस्टर पडला. "बे, तुझा आबा त्या खुर्चीत बसून पाय बादलीत घालंल? लाव पैज. बसला तर वर्षभर मी तुझं मॉडेल. पाय, तोंड, भुवया, जे पायजे ते."

"सगळे ऐका रे," तो इलेक्ट्रिकलच्या पोरांना म्हणाला आणि निघाला.

आबा नेहमीसारखे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर होते. अमरसिंह खोटं काहीच बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आबा, शाळेत बाहेरून मॅडम आल्यात. तुमची खुर्ची मांडलेली हाय."

मोहनरावांनी उभ्या आयुष्यात मांडलेली खुर्ची नाकारलेली नाही. टोपी सारखी केली आणि चालू लागले. वर्गात शिरले, सगळ्या बाया पदर सावरून उठल्या, समोर मधोमध एक खुर्ची रिकामी. आबा जाऊन बसले. आपला सत्कार आहे असं धरून त्यांनी चेहराही तसा केला. अमरसिंह खाली बसला, आबा म्हणाले, "यशस्वी व्हा." त्यानं एक चप्पल काढली. दुसरी काढली. गुडघ्यावर टॉवेल टाकला. आबांनी तो शालीसारखा नीट केला. मग बादली आली.

तेव्हा आबांच्या ध्यानात आलं. खिडकीला चिकटलेल्या आम्हालाही कळलं की आलं, कारण त्यांच्या मिशा हलायच्या थांबल्या.

अमरसिंह हळूच म्हणाला, पण वर्ग एवढा गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "आबा, ही माजी परीक्षा हाय. तुमी उठलात तर मी नापास. पन उठायचं आसंल तर आत्ताच उठा. पाय वले झाल्यावर नगं."

आबांनी दाराकडं पाहिलं. बायांकडं पाहिलं. नातवाच्या डोक्याकडं पाहिलं, ते खालीच होतं. मग घसा खाकरला.

"या ठिकाणी... पाणी गरम हाय का कोमट?"

"कोमट, आबा." त्यानं कोपर बुडवून दाखवलं.

आबांनी पाय आपणच आत घातले.

"ग्राहकाला आधी काय विचारायचं?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

"आबा," अमरसिंह अडखळला, "तुमाला साखर हाय का?"

"अजिबात न्हाई," आबा गरजले.

होती. घरात सगळ्यांना माहीत होती आणि गावात कुणालाच नव्हती, कारण म्हातारा थकला असं विरोधकांना म्हणायला मिळू नये, ही आबांची कडक शिस्त. अमरसिंहनं मान डोलवली आणि कामाला लागला. नखं कापली ती सरळ, कडा न कोरता. वजरी अशी फिरवली की तळव्याला गुदगुल्या झाल्या, आणि "आरं... हिहि... या ठिकाणी... हिहिहि... पुरे!" असे आबा गावानं पहिल्यांदा पाहिले. पण टाचेवर दगडासारखं जाड कातडं होतं, ते काढायचं पातं शेजारी ठेवलेलं, आणि अमरसिंहनं त्याला हात लावला नाही.

परीक्षक मॅडमनी पेन टेकवलं. "इतकं जाड कातडं आहे, पातं का नाही वापरलं?"

अमरसिंहनं पातं आणखी लांब सरकवलं.

"विद्यार्थ्याला उत्तर येत नाही, असं लिहू?"

फरीदा मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्यांना बोलता येत नव्हतं, नियम तसा. अमरसिंहचा हात आबांच्या घोट्यावर तसाच होता. आबांनी त्या हाताकडं पाहिलं आणि ते एकदम सरळ बसले.

"मॅडम, या ठिकाणी मला साखर हाय. चार वर्षं झाली. पोराला माहीत हाय. म्हनून त्यानं पातं लावलं न्हाई. लिहा."

बायांमधून "अगं बाई" असा एक बारीक आवाज आला. आबांनी तिकडं पाहिलं. "आनि ज्याला कुनाला गावात सांगायचं आसंल त्यानं सांगावं. आता माजे पाय कोरडे करा."

परीक्षक मॅडमनी खूप वेळ लिहिलं. काय लिहिलं ते निकालात कळलं, अमरसिंह केंद्रात पहिला. आष्टीचे मामा अजून दुकानात पोरगं शोधतायत. आबा मात्र त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. फक्त ओट्यावर बसताना आता चप्पल काढून पाय पुढं सोडून बसतात, आणि कुणी पाहिलं नाही तर खोकतात.

आणि प्रॅक्टिकलनंतरच्या सोमवारी मी त्या खुर्चीत बसलो. खिडकीला अख्खा इलेक्ट्रिकलचा वर्ग लोंबकळत होता. संस्कृतीनं बादली आणली, इरमनं तोंडाला लावायचा हिरवा लेप कालवला. अमरसिंहनं माझा बूट काढला, मोजा काढला, पाय जरा लांब धरला आणि फरीदा मॅडमकडं बघत म्हणाला,

"मॅडम, ह्याला आदी नळावर धाडू का?"