जिथली वस्तू तिथेच

दोनशे एकेचाळीस की दोनशे एक्कावन्न? औषधांच्या दुकानासमोर मावशी थबकली आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागली. पट्टा नीटच होता.

"दमलीस ना?" भाचीने विचारलं. दोन दिवसांसाठी आलेली ही बहिणीची मुलगी, हे लिहिणारीही तीच, तासाभरापासून तिच्याबरोबर चालत होती. बँक झाली, बेकरी झाली, दवाखान्याच्या फाटकाला हात लावून दोघी परत फिरल्या होत्या. "गाडी करू या का?"

"गाडी तुझ्या आईला लागते, वळणावरच्या दुकानात जायला. मला नाही." मावशी हसली खरी, पण मनात पावलांचा आकडा शोधत होती. आकडा हरवला म्हणजे रस्ता हरवला. फुटपाथ उतरायची पायरी दोनशे साठाव्या पावलाला होती.

चाळीस वर्षं तिने पुरुषांच्या कोटांना हाताने काजं केली होती. दुकानात तिला सगळे काजमावशीच म्हणत. मग एक दिवस शेजारी ठेवलेली कात्री दिसेनाशी झाली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसणं मिटत चाललंय, मधलंही फार तर दीड-दोन वर्षं. "म्हणजे आता काजातून बघायचं," ती म्हणाली. घरी येऊन देवापुढे बसली. काय मागावं ते सुचेना, म्हणून नुसतीच बसून राहिली.

त्यानंतर तिने स्वतःचं सगळं सामान वाटून टाकलं आणि या भागात, जिथे सगळं पायी गाठता येतं, सामानासकट घर भाड्याने घेतलं. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. या वयात दुसऱ्याच्या खुर्च्यांवर बसायचं वेड हिला कुठून लागलं? वेडाचं कारण करारपत्रात होतं. अठ्ठावन्न वस्तूंची यादी, आणि तळाशी एक कलम: कोणतीही वस्तू जागेवरून हलवू नये. आधीचे भाडेकरू त्या कलमाला शिव्या घालत. मावशीने ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. पाहुणा येवो की कामवाली, कोणी काही सरकवायला लागलं की कलम दाखवायचं. स्वतःच्या घरात असं कोण कोणाचं ऐकतं?

भाचीला डोळ्यांचं की कलमाचं काहीच माहीत नव्हतं. आज सकाळी मावशी आंघोळीला गेली तेव्हा तिने मायेपोटी खुर्ची खिडकीशी ओढली, उजेडात बसून चहा घेऊ म्हणून. बाहेर आलेल्या मावशीची नडगी खुर्चीवर आपटून चांगलीच सोलवटली. "घरमालकीण ओरडेल गं," एवढंच ती म्हणाली, आणि खुर्ची पावलं मोजून पुन्हा जागेवर लावली.

घरमालकिणीची भीती खोटी नव्हती. तळमजल्यावरच्या आजोबांना ऐकू कमी यायचं. एकदा त्यांचा नळ वाहत राहिला आणि महिन्याच्या आत तिने त्यांना घर सोडायला लावलं. शनिवारी घरमालकीण वस्तूंची यादी घेऊन यायची होती, पुढच्या वर्षाची सही तेव्हाच. डोळ्यांचं कळलं की सही नाही. सही नाही तर बहिणीचं घर, कोपऱ्यातली खाट, आणि पुन्हा नवे रस्ते शिकण्याइतकी नजर उरलेली नाही.

"मावशी, त्या बाई कधीच्या हात करताहेत."

"कोण बाई?" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे, अगदी हाताच्या अंतरावर, घरमालकीण दिसली.

"अहो मावशी, मी शेजारीच उभी की! रागावलात काय माझ्यावर?"

"छे हो, भाची आलीय ना. ही बोलायला लागली की माझं सगळं लक्ष हिच्याकडे."

भाची गेल्या दहा मिनिटांत चार वाक्यंही बोलली नव्हती. तिने घरमालकिणीला नुसता नमस्कार केला.

"बरं, शनिवारी येतेच. आणि ऐका, तुमचं ते जुनाट टेबल उचलतेय. काचेचं आणणार, अख्खं काचेचं! खोली कशी मोकळी दिसेल बघा."

मावशी घाईने म्हणाली, "राहू द्या ना जुनं. माझा हात बसलाय त्याच्यावर."

"हात काय, दोन दिवसांत नव्यावर बसेल," म्हणत ती हसत निघूनही गेली.

भाचीने नडगीकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. "मावशी, तुला किती दिसतं गं?"

मावशीने मूठ वळली, बारीकशी फट ठेवली आणि ती भाचीच्या डोळ्यासमोर धरली. फटीतून दुकानाच्या पाटीवरची दोन अक्षरं दिसली. पायरी नाही, येणारी-जाणारी माणसं नाहीत. सगळं तिथेच होतं, फक्त कुठे ते कळत नव्हतं. भाचीने मूठ बाजूला केली.

"आईला सांगते मी."

"सांग. उद्याच गाडी घेऊन दारात उभी राहील. माया आहे तिची, मला ठेवेलही नीट. पण दाराबाहेर पाऊल टाकायचं तर कोणाला तरी हाक मारावी लागेल गं मला." मावशीने तिचं मनगट धरलं. "त्यापेक्षा शनिवारपर्यंत थांब. टेबल आलं की आधी तू खोलीत जा. बोलता बोलता त्याच्या चारही कोपऱ्यांवर काहीतरी ठेव. कप ठेव, तुझ्या किल्ल्या ठेव, काहीही. काच कुठे संपते ते मला कळलं पाहिजे. आणि हो, घरमालकिणीची सही होईपर्यंत त्यातलं काही उचलू नकोस."