दोन पावसाळ्यांचं बी

केसरचं माहेर अलिबागच्या अंगाला. भाताची कापणी झाली की तिथला सगळा गाव पांढऱ्या कांद्यात रमायचा. लग्न करून बाहेरगावी गेलेल्या लेकींना त्या गावातून सगळं मिळे, कांद्याच्या वेण्यासुद्धा. बी मात्र मिळत नसे. बी गावाबाहेर गेलं तर कांद्याला विचारणार कोण, असा पंचांचा हिशोब. म्हसळ्याकडे दिलेल्या केसरला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण पंच ते पंच आणि भाऊ तो भाऊ, असं तिने मनाशी धरलं होतं.

छप्पन सालच्या भाऊबीजेला तिने भागोजीला ओवाळलं आणि म्हणाली, "दादा, लुगडं नको मला. ओंजळभर बी दे."

भागोजी तसाच गावी परतला. पण चौथ्या दिवशी एवढा प्रवास करून पुन्हा आला आणि फडक्यातलं काळंभोर बी त्याने तिच्या पदरात ओतलं. "कोनाला बोलू नको हां."

केसरचे डोळे भरून आले.

तिचा नवरा हरेश्वर याने वालाच्या शेताचा तुकडा तिच्यासाठी मोकळा ठेवला. सासू ठमाबाई कुरकुरली, "वाल हातचा हाय. कांदा कोनी बगितलाय?"

"माज्या भावानं दिलंय आत्या. उगवंल कसं न्हाय?"

तिने वाफा केला, राख पसरली, बी टाकलं, दोन्ही वेळा हाताने पाणी शिंपडलं. आठ दिवस गेले, दहा गेले. मुंग्यांनी नेलं असेल, पाणी जास्त झालं असेल, आपलाच हात वाईट असेल, असं स्वतःला बोल लावण्यात पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी तिने नखाने माती उकरली. बी होतं जागेवरच. दाबलं तर आतून पोकळ, कुजकं.

आणि मग तिला आठवलं. ती दहा वर्षांची असताना परगावचा एक माणूस बी मागायला आला होता. बापाने त्याला मापभर दिलं, वर चहा पाजला. तो वळणाआड गेल्यावर घरभर हसू फुटलं. "दोन पावसाळे बगितलेलं बी! उगव म्हणावं आता!" कांद्याचं बी एका वर्षात मरतं, आणि दिसायला मेलेलं नि जिवंत सारखंच, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. तेव्हा केसरही पोट धरून हसली होती.

वालाचा हंगाम हुकला. वर्षभर घरात विकतचा वाल आला आणि दर जेवणाला सासूने विचारलं, "काय गो, उगवलं का म्हायेर?"

केसर पानात वाढत राही. माहेरी निरोपही धाडला नाही तिने.

चैत्रात भागोजीने नेहमीसारखी खायला वेणी पाठवली. केसरने त्यातला एकही कांदा चिरू दिला नाही. चुलीवरच्या धुरात ती वेणी टांगली. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त कांदे सडले. घरभर वास सुटला, ठमाबाईने शिव्या घातल्या. सतरा उरले. दिवाळीनंतर ते सतराही तिने परसात पुरले. त्यांना दांडे आले, दांड्यांवर पांढरे गोंडे आले. वैशाखात तिने गोंडे चोळून बी पाखडलं, तेव्हा ठमाबाई स्वतःहून सूप धरायला बसली.

अठ्ठावनच्या भाऊबीजेला भागोजी आला तो परसात जाऊन उभाच राहिला. वाफ्यात केसासारखी हिरवी रोपं उठली होती.

"बी कुटलं ह्ये?"

"तुज्याच घरचं. जितं हुतं ते."

भागोजीने मान खाली घातली. "पंचांनी शपत घातली हुती केसर. मी काय करनार?"

"न्हाय म्हनायचं हुतं! दोन दिवस रुसले असते नि तिसऱ्या दिवशी विसरले असते. वाट वाकडी करून आलास, पदरात घातलंस, कोनाला सांगू नको म्हनलास... दादा, मी परगावची कदी झाले रं?"

तिने पाट मांडला, ओवाळलं, घावने वाढले, दुसऱ्यांदा आग्रहही केला. रीतीत कसूर नव्हती.

एरवी केसर त्याला गाडीपर्यंत सोडायला जायची, गाडी हलली की पदर डोळ्यांना लावायची. त्या दिवशी "सांभाळून जा" एवढं ती उंबऱ्यातूनच म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत वाफ्याला पाणी द्यायला वळली.