साडीतली लाट

बायकोला सुती साडी खळ घातलेलीच लागते. ती वाळली की मला आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर हाक येते. दोघांनी दोन टोकं धरून साडी ताणायची, झटकायची, मग घडी घालायची. मी फिजिक्सचा निवृत्त मास्तर, हातात कापड आलं की गप्प राहवत नाही. काल झटका देऊन म्हटलं, "बघ, लाट तुझ्याकडे आली, पण कापड जागेवरच आहे. पोचते ती फक्त ऊर्जा."

"अहो, लेक्चर पुरे. काठ घट्ट धरा!" म्हणत तिनं असा हिसका दिला की मी धडपडत पुढे गेलो.

"पोचली का ऊर्जा?"

मी वैतागलो, मग हसलो. खाली गेटपाशीच इस्त्रीवाला बसतो. साडी सरळ त्याच्याकडे देता येईल, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.