प्रोबर्टांची बोपा

केनवेनच्या हातून गल्लीत पोरं यायची आणि म्हातारी जायची. बाळंतपण तिचं, मढ्याला आंघोळ घालणंही तिचंच. नात्याची नसूनही सगळी गल्ली तिला बोपा म्हणे, म्हणजे आत्याच.

प्रोबर्टांच्या तीन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. म्हातारा एलायस खाणीवर कामगारांच्या वतीने कोळसा तोलायचा. त्याचा काटा खोटं बोलत नाही, म्हणून लोकांनी त्याला कौन्सिलवर धाडलं. मुलगा एमरिस पार्लमेंटात गेला, मंत्री झाला. आता त्याच्या जागेवर त्याची मुलगी निवडून आली होती, मायर. तिची नाळ बोपानेच कापलेली.

आज पुढच्या खोलीत एमरिस कायमचा निजला होता. बोपाने कपाळ पुसलं आणि हात थांबला. कातडीखाली कोळशाची निळी रेघ. पोरवयात खाणीत लागलं, जखमेत कोळशाची पूड राहून गेलेली. इतकी वर्षं लंडनचं पाणी पिऊनही गेली नव्हती. एलायसच्या खांद्यावर तिने अशीच रेघ पाहिली होती. तिने फडकं हलकेच फिरवलं, जणू निजलेलं पोर जागं होईल.

दारात मायर उभी होती. तिला बापाबरोबर दफनभूमीपर्यंत जायचं होतं. पण टेकडीवर पुरुषांनी गात जायचं, बायकांनी घरी थांबून मागच्या जेवणासाठी हॅम कापायचा, हीच रीत. चॅपेलचे वडीलधारे हॉपकिन म्हणाले होते, बोपा हो म्हणाली तर माझी ना नाही. ती म्हणणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"पार्लमेंटात भल्याभल्यांना गप्प करतेस म्हणे," बोपा म्हणाली. "एक हॉपकिन आवरत नाही?"

"तुझ्या आड लपलाय तो, बोपा. बाबांना मी खिडकीतून निरोप देऊ?"

बोपाने फडकं पिळलं. तिचा नवरा इडवल गेला तेव्हा वळणापर्यंत ती खिडकीतूनच बघत राहिली होती. मग कुणीतरी हॅम कापायला हातात सुरी दिली.

"वर वारा बोचतो," ती शेवटी म्हणाली. "टोपी नीट घाल." आणि स्वतःचा एप्रन सोडला.

शवपेटीमागे मायर निघाली, शेजारी बोपा. बोपाला बघून हॉपकिनने तोंड उघडलं, पण त्यातून भजनच निघालं. एकेक दार उघडत गेलं, बायका मागे येत गेल्या. जन्मभर लांबून ऐकलेला पुरुषांचा तो खर्ज आज जमिनीतून पायात चढत होता. मग त्यावर बायकांचा आवाज उठला. त्या टेकडीने तो कधी ऐकला नव्हता. बोपाच्या अंगावर काटा आला. ती गायचंच विसरली.

घरी परतले तर हॅम तसाच अख्खा. हॉपकिनने टेबलाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, बाह्या सारल्या आणि सुरी कुठाय म्हणून विचारलं.

"पातळ काप हो," बोपा म्हणाली. "माणसं फार आलीत."