झोक्याचा आंबा

"यातलं सगळ्यात उंच कोणतं?" गिऱ्हाईकानं विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की याला झाडातलं काही कळत नाही.

सकाळपासून तो नर्सरीत फिरत होता. आंब्यातून पेरूत, पेरूतून चिकूत, परत आंब्यात. रोपाशी उभा राहायचा आणि डोक्यावर हात धरून माप घ्यायचा. भुसावळचा इंजिन ड्रायव्हर, तुकारामभाऊ. रिटायर व्हायला आला होता. रेल्वेचं क्वार्टर सुटणार म्हणून जामनेरला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. पुढं अंगण मोकळं.

मी तेव्हा जळगावजवळ एका नर्सरीत कलमं बांधायचो. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळा माझी दुसरीत सुटली. पण माझं ऐकून लावलेलं कलम मेलं असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

उंच रोप घेऊ नये. दाटीत वाढलेलं रोप उजेडासाठी वर पळतं आणि बारीक राहतं. बुंधा जाड बघावा. पानं पक्की, हिरवी बघावीत. तांबूस कोवळी पालवी असेल तर ते रोप तेव्हा हलवू नये. फळ लागलेलं रोप तर फुकट दिलं तरी घेऊ नये. कुंडीतल्या एवढ्याशा मातीवर फळ पोसायचं म्हणजे रोप स्वतःला जाळतं. मी हे सगळं त्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "पण उंच कोणतं?"

"भाऊ, तुमाले फळ पाह्यजे का सावली?"

"मले फांदी पाह्यजे."

मी हातातला चाकू खाली ठेवला. "फांदी काय करता?"

"झोका बांधतो."

तेवढ्यात मालक आले. त्यांचं सगळं लक्ष विक्रीकडं. म्हणाले, "मग शेवगा न्या ना. वर्षात घराच्या वर जातो."

"शेवग्यावर कावळा बसला तरी मी खाली उभा राहत नाही," मी म्हणालो. "झोका बांधून माणूस पाडायचा काय?"

"नाना, तू गिऱ्हाईक घालवू नको."

"गिऱ्हाईक घालवीन, पण पाडणार नाही."

मालक चिडून ऑफिसात गेले. तुकारामभाऊ तिथंच मातीत बसला आणि मग बोलला.

आमच्याकडं अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठी. सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा. दुपारी माहेरी आलेल्या पोरींनी झोके बांधायचे, गाणी म्हणायची. तुकारामभाऊची एकुलती एक पोरगी वच्छला, धुळ्याकडं दिलेली. क्वार्टरच्या अंगणातल्या निंबावर तिचा झोका असायचा. लग्न झाल्यावर दोन आखाज्या गेल्या, सासूनं पाठवली नाही. वर बोलून दाखवलं, "तुना बापनं घर सरकारनं शे. निंब बी सरकारना. तू झोका कोठे बांधशी?"

"आता घर माझं हाये," तुकारामभाऊ म्हणाला. "झाड तेवढं राह्यलं. झाड दिसलं की त्यायले बोलाले जागा नाही."

"तोवर दोन खांब गाडा."

"खांबाले बांधला म्हणजे त्यायले आणखी हसाले झालं."

मी त्याला कलमांकडं नेलं. तेव्हा भेट कलम करायचे. कुंडीतलं कोयीचं रोप मांडवावर चढवून जातिवंत आंब्याच्या फांदीला भिडवायचं, दोघांची साल तासून केळीच्या सोपटानं बांधायचं. सांधा जुळला की वरची फांदी आईझाडापासून तोडायची. असं झाड चौथ्या वर्षी फळ देतं, पण बुटकं राहतं. फांद्या कमरेशी फुटतात. झोक्याच्या कामाचं नाही. झोक्याला कोयीचाच आंबा पाहिजे, गावठी. तो सरळ वर जातो आणि मग आडवी फांदी टाकतो.

"किती वर्षं?"

"दहा."

"थोडं कमी करा ना, नाना," तो म्हणाला. भाव करावा तसं.

मला हसू आलं. तोही हसला. मग बुंधा बघून मी एक गावठी रोप काढून दिलं. ठेंगणं होतं. त्यानं तेच उचललं. जाताना म्हणाला, "दोर आणून ठेवतो. झाड लावलंय म्हणून कळवतो. एवढ्यावरही पाठवतील."

त्यांनी पाठवली नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात तो परत आला. दाढी वाढलेली. मी पाणी दिलं, ते हातातच धरून बसला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण वच्छलाला त्यासाठीही धाडलं नव्हतं. सासरीच बाळंत झाली. ती गेली, मूलही गेलं. जावयाचं दुसरं लग्नही ठरलं होतं.

आमच्या ऑफिसच्या दारात एक कलम ठेवलेलं असायचं, फळ लागलेलं. गिऱ्हाईक भुलावं म्हणून मालकांनी ठेवलेलं. इतर कलमांचा मोहोर मी खुडून टाकायचो, याला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. त्याला दोन कैऱ्या होत्या. तुकारामभाऊनं तिकडं बोट केलं.

"ते द्या."

"ते नको. फळावर आलंय. आणि या उन्हात लावलं तर मरेल. आषाढात या, चांगलं देतो."

"आखाजी आषाढात नसते, नाना."

त्यानं हातातलं पाणी खाली ठेवलं.

"तिची घागर तिकडं कोण भरील? नवी सून येऊ राह्यली. मी भरतो. पण वर ठेवाले आंबा बाजारचा नको. तिच्या बापाच्या अंगणातला पाह्यजे."

"भाऊ, मरेल ते."

"मरू द्या. आंबा तोडीपर्यंत जगलं म्हणजे झालं."

मरणारं झाड मी कुणाला विकलं नव्हतं. याला विकायचीही माझी तयारी नव्हती. मी उठून त्या कुंडीतली माती चाचपली. शेवटी म्हणालो, "मातीत लावू नका. कुंडीतच ठेवा, भिंतीच्या सावलीला. रोज सकाळी पाणी. कुंडी अंगणात असली म्हणजे झाड अंगणातलंच. आषाढात मी स्वतः येऊन लावतो."

मालक म्हणाले, "शोभेचं आहे ते, विकायचं नाही."

"मग आज माझा हिशेब करून टाका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, तुकारामभाऊकडं बघितलं आणि आत निघून गेले. मी कुंडी उचलून जामनेरच्या मोटारीवर चढवून दिली.

आषाढात बोलल्याप्रमाणे गेलो. तुकारामभाऊनं सांगितलं, एक कैरी वाटेत गळाली, दुसरी राहिली. आखाजीला घागरीवर ती ठेवली. हिरवीच होती. शेजारणी म्हणाल्या, पोरीची घागर बाप भरतो असं कुठं असतं? हा म्हणाला, आमच्याकडं असतं.

कलम मी लावलं. ते हिवाळ्यातच वाळलं. मी सांगितलं होतंच.

गावठी आंबा मात्र जोमानं वाढला. जामनेरला काम निघालं की मी बघून यायचो. दहाव्या वर्षी गेलो तेव्हा माणसाच्या डोक्यावरून एक आडवी फांदी गेलेली होती. तिला हातानं लोंबकळून बघितलं. दोन बायका झोक्यावर उभ्या राहिल्या तरी कुरकुरली नसती. तुकारामभाऊ ओट्यावर बसला होता.

"दहा म्हणले होते तुम्ही," तो म्हणाला. "दहाच लागले."

"दोर कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आडाला लावला. चांगला दोर होता, कुजवायचा कशाला?"

अंगणात झाड लावायचं असेल तर माळ्याला विचारावं, लाजू नये. फळ केव्हा येईल, फांदी केव्हा येईल, माळी बरोबर सांगतो. त्याला झाडाचं तेवढं कळतं. झाडाखाली कोण येईल हे त्याला विचारू नये.